परागकण घडताना पेशी स्वतःचीच यंत्रणा का मोडते?

रानजाई

बारावीच्या पुस्तकात परागकणाची गोष्ट दोन-तीन वाक्यांत आटोपते. परागकोशातल्या मातृपेशीचं अर्धसूत्री विभाजन होतं, चार लघुबीजाणू मिळतात, त्यांचे परागकण बनतात. आकृतीत गुणसूत्रं तेवढी नीट काढलेली असतात, बाकीची पेशी कोरी. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या कोऱ्या सोडलेल्या भागात जे चालतं ते मला गुणसूत्रांच्या हालचालींइतकंच थक्क करतं, म्हणून हा धागा.

लिलीच्या कळ्यांवर जॉन हेस्लॉप-हॅरिसन आणि ह्यू डिकिन्सन यांनी १९७० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काम केलं. त्यात दिसलं ते असं. विभाजनाची पूर्वावस्था चालू असतानाच मातृपेशीतले रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, भराभर घटतात. आरएनए ओसरतं. मायटोकॉन्ड्रिया आणि लवकं यांच्या आतल्या पडद्यांची रचना मोडते आणि दोन्ही इतकी साधी, गोलसर दिसू लागतात की कुठलं कोणतं हे ओळखणं कठीण जातं. विभाजन उरकत आलं की केंद्रकीसारखे (केंद्रकात रायबोसोम घडवणारी गाठ ती केंद्रकी) गोळे पेशीद्रव्यात उतरतात आणि रायबोसोमचा साठा पुन्हा उभा राहतो.

बाहेरच्या बाजूलाही शांतता नसते. शेजारच्या मातृपेशी आधी एकमेकींशी रुंद वाटांनी जोडल्या जातात, आणि कोशातल्या सगळ्या जणी जवळजवळ एकाच वेळी विभाजनाला लागतात. भोवतालच्या थराशी असलेले बारीक दुवे मात्र तुटतात. मग कॅलोज नावाच्या, शर्करेच्या साखळ्यांनी बनलेल्या द्रव्याचा जाड थर प्रत्येकीभोवती बसतो, वाटाही बुजतात, आणि ज्या पेशीला आतापर्यंत सगळं झाड जोडलेलं होतं ती एकटी पडते.

हे सगळं कशासाठी? तेव्हा मांडलेलं उत्तर असं, की झाडाच्या (दोन गुणसूत्र संचांच्या) पिढीचे आदेश पुसून टाकल्याशिवाय परागकणाच्या (एका संचाच्या) पिढीचा कारभार सुरू होऊ शकत नाही. पाटी कोरी करावी लागते. मला हे उत्तर पटतं. तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांचा फुलांशी रोजचा संबंध आहे, शेतात, बियाण्याच्या प्लॉटवर, प्रयोगशाळेत, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहा.

निळी शाई

वाचनखूण साठवली. सकाळी चहाबरोबर सावकाश वाचणार.

काजवा

ताई, मी यंदा वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा देतोय. टॅपेटमबद्दल आम्हाला एकच ओळ आहे, 'परागकणांचे पोषण करतो'. तो नेमका कुठे असतो आणि पोषण म्हणजे काय देतो, हे कुणी सांगेल का? प्रश्नसंचात त्यावर दरवर्षी काही ना काही असतंच.

रानजाई

काजवा, परागकोशाचा आडवा छेद डोळ्यांसमोर आण. चार कप्पे. प्रत्येक कप्प्याची भिंत बाहेरून आत अशी: बाह्यत्वचा, त्याखाली एन्डोथेशियम (परागकोश फुटायला हाच थर कामी येतो), मग मधले एक-दोन थर जे लवकरच चिरडून जातात, आणि सगळ्यात आत, मातृपेशींना अगदी खेटून, टॅपेटम.

टॅपेटमच्या पेशी बघायलाच देखण्या असतात. दाट पेशीद्रव्य, पुष्कळ मायटोकॉन्ड्रिया, पुष्कळ अंतर्द्रव्यजालिका. बऱ्याच वनस्पतींत त्यांचं केंद्रक विभागतं पण पेशी विभागत नाही, म्हणून एकेका पेशीत दोन किंवा जास्त केंद्रकं, नाहीतर एकाच केंद्रकात गुणसूत्रांचे अनेक संच. कारण कमी वेळात खूप माल बनवायचा असतो. शर्करा, अमिनो आम्लं, मेद, परागाच्या बाहेरच्या कवचाचा कच्चा माल, आणि कॅलोजचा थर विरघळवणारं कॅलेज नावाचं विकर, हे सगळं इथूनच जातं.

आणि काम झालं की हा थर ठरल्या वेळी मरतो. मरताना आतले मेद आणि प्रथिनं परागकणांच्या अंगावर सोडून जातो. फुलातला पराग बोटाला चिकटतो तो त्या लेपामुळेच.

एक फरक लक्षात ठेव, विचारतात. कांद्यात, टोमॅटोत टॅपेटमच्या पेशी जागेवर राहून स्राव सोडतात. ऱ्होओसारख्या (जांभळट पानांची शोभेची वनस्पती) वनस्पतींत त्यांच्या भित्तिका विरघळतात आणि त्या सगळ्या एकत्र होऊन थेट लघुबीजाणूंच्या मधे शिरतात. तो अमीबासारखा प्रकार.

मिश्री

म्हणजे टॅपेटम हा लग्नघरचा आचारी! सगळ्यांना जेवू घालतो आणि एकाही फोटोत नसतो. 😄

निळी शाई

मिश्री, 😂😂 पण आचारी दुसऱ्या दिवशी पुढच्या लग्नाला जातो. हा बिचारा मांडव उठायच्या आत संपतो.

गोदाकाठ

रामराम मंडळी. आम्ही निफाडकडचे, कांदा बियाण्याचा प्लॉट करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदे लावले की जानेवारी-फेब्रुवारीत डेंगळे (फुलांचे दांडे) वर येतात, गोंडे उमलतात.

एका कंपनीसाठी संकरित बियाण्याचा प्लॉट घेतला होता. त्यात मादी ओळी आणि नर ओळी वेगळ्या. मादी ओळीतल्या फुलाचा परागकोश आणि नर ओळीतला, दोन्ही तळहातावर घेऊन बघा, लगेच कळतं. नर ओळीतला चोळला की पिवळी भुकटी. मादी ओळीतला फिका, हिरवट, काचेसारखा, चोळला तरी कोरडा. फूल तेच, पाकळ्या त्याच, मध तोच, मधमाशी दोन्हीवर बसते. आम्हाला शिकवलं होतं की 'ही वांझ लाइन आहे', पण आत काय बिघडलेलं असतं ते कुणी सांगितलं नाही. तुमच्या त्या टॅपेटमचाच हा प्रकार आहे का?

बीजवाला

गोदाकाठ, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मी ज्वारीच्या पैदाशीत उभी हयात घालवली, थोडं सविस्तर लिहितो.

कांद्यातली ही नरवंध्य झाडं १९२५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात हेन्री जोन्स यांना 'इटालियन रेड' या वाणात सापडली. त्या एका झाडावरून पुढे संकरित कांद्याची सगळी पद्धत उभी राहिली. बिघाड असतो तो मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांत. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, त्यामुळे वंध्यत्वही आईकडूनच उतरतं. मातृपेशी आपलं विभाजन बहुतेक वेळा नीट पार पाडते, पण टॅपेटमचं वेळापत्रक कोलमडतं. तो लवकर तरी मोडतो किंवा वेळ संपली तरी फुगून बसून राहतो. दोन्हीत लघुबीजाणू उपाशी मरतात. तुम्ही तळहातावर पाहिलात तो परागकोश भरायचा राहिलेला आहे.

आता प्रश्न असा, की बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया झाडाच्या पानात, मुळात, सगळीकडे असताना फटका फक्त परागकोशालाच का? मक्यावर १९७८ मध्ये वॉर्मके आणि ली यांनी मोजलं होतं. परागकोश घडताना टॅपेटमच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या सुमारे ४० पट वाढते, मातृपेशींच्या वंशात सुमारे २० पट. सगळ्या झाडात इतका भार दुसऱ्या कुठल्याच पेशीवर येत नाही. पानाचं अधू यंत्रणेवर भागतं, टॅपेटमचं भागत नाही.

ज्वारीत १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मायलो आणि काफिर या ज्वारीच्या प्रकारांच्या संकरातली नरवंध्यता दाखवली आणि आपल्याकडे १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. महाराष्ट्रात खरीप ज्वारीचं चित्र त्याने बदललं. लोक 'हायब्रीड' म्हणजेच ज्वारी समजायचे इतकं ते नाव घरोघरी गेलं. त्या सगळ्याच्या मुळाशी पेशींचा हा एक थर आहे.

शेतात तपासायचं तर आयोडीनचं द्रावण पुरतं. ज्वारीचा परागकोश काचपट्टीवर फोडायचा, एक थेंब टाकायचा. सकस परागकण स्टार्चने भरलेले असतात, काळेभोर होतात. वांझ असेल तर पिवळट, रिकामे, सुरकुतलेले. हा प्रयोग शेतकऱ्याच्या पोराला दाखवावा. एकदा पाहिलं की विसरत नाही.

सोनकी

बीजवाला सर, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

मळेकरी

आमच्याकडे जुन्नर भागात उन्हाळी टोमॅटो असतो. एप्रिल-मेमध्ये फूल भरपूर लागतं आणि गळून जातं. दुकानदार फुलावर मारायचं औषध देतो, मारतो, फरक पडत नाही. हे परागाचंच दुखणं का?

बीजवाला

मळेकरी, फार मोठ्या प्रमाणात हो. आणि औषध लागू का पडत नाही तेही यातच आहे.

टोमॅटोची कळी उष्णतेला सर्वांत नाजूक असते ती उमलण्याच्या साधारण आठ-दहा दिवस आधी. म्हणजे मातृपेशी विभागताहेत किंवा लघुबीजाणू नुकते सुटलेत, टॅपेटम पूर्ण भारावर आहे, त्या वेळी. तेव्हा दिवसाचं तापमान बत्तिशीच्या वर आणि रात्रही उबदार असेल तर टॅपेटम कोलमडतो. पुढे उमलण्याच्या तीन दिवस आधी सकस परागकणात स्टार्चचा साठा शिगेला पोचतो, उमलेपर्यंत त्याची शर्करा होते. उष्णतेत तो साठा होतच नाही. तुम्हाला फूल गळताना आज दिसतं, पण नुकसान मागच्या आठवड्यात, कळी हिरवी आणि बारीक असताना होऊन गेलेलं असतं. उमललेल्या फुलावर काहीही मारलं तरी रिकामा परागकण भरत नाही.

करायचं ते आधी. लागवडीची तारीख अशी धरा की कळ्या धरण्याचा काळ कडक उन्हात येणार नाही, शेडनेट, पाण्याच्या पाळ्या जवळ, आणि उष्णता सोसणारा वाण. रात्रीच्या तापमानावर नजर ठेवा, लोक फक्त दुपारचं बघतात.

मळेकरी

हे कुणी आजवर असं फोड करून सांगितलं नव्हतं. तारखेचं बघतो सर. आभारी आहे.

ठोकताळा

टॅपेटम मेला की परागकण नाही, हे कळल्यावर माणसाने तो मुद्दाम मारायची युक्तीही काढली. १९९० मध्ये तंबाखूच्या टॅपेटममध्येच चालू होणारा जनुकाचा स्विच वापरून तिथे आरएनए तोडणारं बार्नेज हे जिवाणूचं विकर बनवलं. बाकी झाड ठणठणीत, परागकण शून्य. दिल्लीत दीपक पेंटल यांच्या गटाने केलेली डीएमएच-११ मोहरी याच तत्त्वावर आहे. २०२२ मध्ये तिला जीईएसीची, म्हणजे जीएम पिकं तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीची, मंजुरी मिळाली तेव्हा एवढा गदारोळ झाला, पण मुळात काय केलंय हे चर्चेत कुणीच सांगितलं नाही. माझं मत विचाराल तर हे तंत्र सुरक्षित आहे आणि...

हिरवीचाफा

ठोकताळा, सुरक्षित आहे हे एका वाक्यात कसं उरकता? प्रश्न तंत्राचा कमी आणि तणनाशक सोसणाऱ्या जनुकाचा जास्त आहे, तेही त्याच मोहरीत आहे. मधमाश्या पाळणाऱ्यांनी घेतलेल्या हरकतींचं काय?

संपादक मंडळ

जीएम मोहरीवर वेगळा धागा काढावा ही विनंती. दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत, पण इथे मूळ विषय हरवेल.

पेशीवेडा

जर्मनीत परागकणांवरच काम करतो, उशिरा पोचलो. रानजाई ताई, धागा वाचून फार आनंद झाला, पण तुमच्या मूळ मांडणीशी माझं जमत नाही.

'पाटी कोरी' म्हणताना त्याच लिलीच्या निरीक्षणातली दुसरी गोष्ट बाजूला राहते. रायबोसोम घटत असतानाच पेशीद्रव्याचे काही भाग दुहेरी किंवा अनेकपदरी पडद्यांत गुंडाळून ठेवलेले दिसतात, आणि त्यांच्या आतले रायबोसोम शाबूत असतात. पुसायचं होतं तर हे जपून का ठेवलं? मला हे निवडून केलेलं काम वाटतं. काय जायचं आणि काय राहायचं हे झाडानेच ठरवलेलं आहे. म्हणजे परागकणाच्या पिढीला स्वातंत्र्य मिळतंय असं म्हणण्यापेक्षा झाडाची पिढी तिला मोजून शिदोरी देतेय असं म्हणणं जास्त खरं.

दुसरं म्हणजे, मला परागकणातली खरी कलाटणी याच्याही नंतर दिसते. कॅलोजमधून सुटलेला लघुबीजाणू फुगतो, आत एक मोठी रिक्तिका तयार होते, ती केंद्रकाला एका कडेला ढकलते. तिथेच त्याचं विभाजन होतं, आणि ते मुद्दाम असमान असतं. एक मोठी कायिक पेशी, एक चिमुकली जननपेशी, मधे घुमटासारखी कॅलोजची तात्पुरती भिंत. ती भिंत विरघळते, जननपेशी कडेपासून सुटते आणि मोठ्या पेशीच्या पोटात शिरते. पेशीच्या आत आख्खी पेशी, स्वतःच्या पटलासकट! मी हे प्रतिदीप्त रंग घालून रोज बघतो आणि तरी प्रत्येक वेळी थांबतो. लहान केंद्रक घट्ट, लखलखीत. मोठं केंद्रक पसरलेलं, मंद. दोघांचे जनुक एकच.

तंबाखूच्या लघुबीजाणूंना कोल्चिसिन हे पेशीविभाजनात ढवळाढवळ करणारं रसायन देऊन हे विभाजन समसमान केलं तर दोन्ही पेशी कायिक पेशीसारख्याच वागतात, जननपेशी होतच नाही. याचा अर्थ भवितव्य ठरतं ते या वाटणीत, आधीच्या पुसापुशीत नव्हे.

गोदाकाठ

पेशीवेडा साहेब, हे वाचून अंगावर काटा आला. कांद्याच्या परागातही असंच?

पेशीवेडा

हो दादा, कांद्यातही. परागकोश फुटतो तेव्हा कांद्याचा परागकण दोन पेशींचा असतो. जेम्स ब्रूबेकर यांनी १९६७ मध्ये सुमारे २००० प्रजाती तपासल्या, त्यात जवळपास ७० टक्के दोन पेशींच्या निघाल्या. उरलेल्यांत जननपेशी आधीच विभागून दोन पुंयुग्मकं (शुक्रपेशी) तयार असतात, म्हणजे एकूण तीन पेशी. गहू, भात, ज्वारी, मोहरी, सूर्यफूल त्यात येतात. असा परागकण तयारीत असतो, पण टिकत नाही. भाताचा अर्ध्या तासात संपतो. टोमॅटोच्या कुळातला नीट साठवला तर महिनोन्‌महिने.

गुलबाक्षी

माझ्या नावाची वनस्पती या विषयात आहे हे कुणीच कसं लिहिलं नाही? पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांची पानं असलेली गुलबाक्षी घेऊन कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये दाखवलं की संततीची पानं हिरवी, पांढरी की ठिपक्यांची हे आईच्या फांदीवर ठरतं, पराग कुठल्या फांदीचा याने काही फरक पडत नाही. त्याचं कारण परागकणात आहे: पान हिरवं करणारी लवकं जननपेशीपर्यंत पोचत नाहीत, असमान वाटणीत मोठ्या पेशीकडेच राहतात किंवा नंतर नष्ट होतात. त्याच वर्षी एर्विन बाउर यांनी जिरेनियमवर उलट निकाल दाखवला. तिथे बापाचीही लवकं उतरतात. म्हणजे नियम सरसकट नाही.

अंगणात ठिपक्यांची गुलबाक्षी असेल तर हा प्रयोग घरी करता येतो. फुलं संध्याकाळी उमलतात, कामावरून आल्यावर परागण करा.

वडाखालचे आजोबा

बऱ्याच दिवसांनी कॉलेजची प्रयोगशाळा आठवावी असा धागा. कळ्या सकाळीच तोडायच्या, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल यांत लगेच टाकायच्या, मग गुणसूत्रं रंगवणाऱ्या ॲसिटोकार्मिनमध्ये परागकोश चिरडायचा. कांद्याचा गोंडा यासाठी देवाघरची देणगी आहे, एकाच गोंड्यात सगळ्या वयाच्या कळ्या मिळतात आणि गुणसूत्रं फक्त १६, मोठीमोठी. ऱ्होओत १२ आणि ती साखळीने किंवा कड्याने जोडलेली, कारण त्यांचे तुकडे एकमेकांत बदललेले असतात.

अवांतर: रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये पाण्यात परागकण नाचताना पाहिले असं सर्रास छापलं जातं. नाचत होते ते परागकणाच्या आतले सूक्ष्म कण, स्टार्चचे आणि मेदाचे. आख्खा परागकण तेवढा हलायला फार मोठा असतो. पेशीविज्ञानातून निघालेली गोष्ट भौतिकशास्त्राने नेली. 🙂

आणखी एक अवांतर: परागनलिका पहिल्यांदा दिसली ती इटलीच्या आमिची यांना, १८२० च्या दशकात, घोळीच्या फुलात. आपण भाजी करतो ती घोळ.

मिश्री

आजोबा, आज घरी घोळीची भाजी आहे. आता जेवताना भाषण देणार मी. 😄

सोनकी

माझा प्रश्न जरा वेगळा. मुलीला दमा आहे, पुण्यात गाजर गवत फुललं की त्रास सुरू. डॉक्टर म्हणाले परागातल्या प्रथिनांमुळे होतं. ही प्रथिनं परागकणात कुठे असतात? कवच तर म्हणे आम्लातही विरघळत नाही.

पेशीवेडा

सोनकी ताई, कवच विरघळत नाही हे खरं. स्पोरोपोलेनिन नावाचं ते द्रव्य एवढं चिवट आहे की स्वीडनच्या गुन्नार एर्टमन यांच्या पद्धतीत परागकण ॲसिटिक अनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात तापवतात, आतलं सगळं जळून जातं आणि नक्षीदार कवच तेवढं उरतं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत लाखो वर्षांपूर्वीचे परागकण ओळखतात ते याच कवचावरून.

पण कवच सलग नसतं. नक्षीच्या खाचाखोचांत टॅपेटमने सोडलेली प्रथिनं बसलेली असतात, आणि आतल्या पातळ आवरणात परागकणाची स्वतःची. ओल लागली की दोन्ही थोड्याच वेळात बाहेर पडतात, आधी बाहेरची, मग आतली. नाकातला ओलावा त्याला पुरतो. मुलीला त्या दिवसांत बाहेरून आल्यावर हात-तोंड धुवायला लावा, बाकी डॉक्टर सांगतील तेच.

जास्वंदीवेडी

कवचावरून लिहिते. जास्वंदीचा परागकण बघा कुणी. एक दशांश मिलिमीटरहून मोठा, साध्या भिंगातून काटे दिसतात. आणि तो आकार कवच बनण्याआधीच ठरतो, कॅलोजच्या आत असताना. जिथे अंतर्द्रव्यजालिकेचा तुकडा पटलाला आतून चिकटून राहतो तिथे कवच बसत नाही, ते पुढे नलिका बाहेर पडायचं दार होतं. कांद्यात अशी एकच लांबट खाच, बहुतेक द्विदलांत तीन, जास्वंदीत पुष्कळ.

म्हणूनच कॅलोज वेळेआधी विरघळला तर सगळं फसतं. पेटुनियाच्या काही नरवंध्य झाडांत नेमकं हेच होतं. १९९२ मध्ये तंबाखूत टॅपेटमकडून कॅलोज लवकर विरघळवून घेतला, तर लघुबीजाणूंचं कवच नीट बसलंच नाही आणि ते फुटले. रानजाई ताई, कॅलोजचं एकटेपण कशासाठी, या तुमच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मला इथे दिसतं: कवचाचा साचा शांतपणे बसायला.

ठोकताळा

मूळ प्रश्नावर येतो. पाटी खरंच कोरी झाली असेल आणि परागकणाचा कारभार स्वतंत्र झाला असेल, तर मग धोतऱ्याचं काय? १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश महेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश पोषक माध्यमात वाढवले आणि आतल्या परागकणांपासून थेट भ्रूण निघाले, एकच गुणसूत्र संच असलेली रोपं! म्हणजे झाड घडवण्याचे आदेश तिथे होतेच. पुसलेले नव्हते.

पेशीवेडा

ठोकताळा, मी हेच लिहायला बसलो होतो. मोहरीच्या वर्गातल्या रेपसीडमध्ये तर लघुबीजाणूंना ३२ अंश सेल्सियसचा झटका दिला की ते परागकण व्हायचं सोडून भ्रूण व्हायला लागतात. मात्र वय अचूक लागतं, त्या असमान विभाजनाच्या जरा आधी किंवा लगेच नंतर. परागकणात स्टार्च भरायला लागला की वाट बंद.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मी माझ्या मतावर आहे, पण ते आता जास्त नेमकं मांडते.

धोतऱ्याचे परागकण भ्रूण होतात हे माझ्या बाजूनेच बोलतं असं मला वाटतं. जनुक कधीच पुसले जात नाहीत, पुसले जातात ते त्या क्षणी राबणारे आदेश, म्हणजे पेशीद्रव्यातलं आरएनए आणि रायबोसोम. म्हणूनच तर लघुबीजाणू अशा स्थितीत असतो की त्याला कुठल्याही वाटेला लावता येतं. जुने आदेश तसेच राबत राहिले असते तर ही लवचिकता आली असती का? पेशीवेडा म्हणतात तसे काही रायबोसोम गुंडाळून जपले जातात, ते मान्यच आहे. पण विभाजन चालू असताना पेशीला जगायलाही काहीतरी लागणारच, आणि जपलेलं ते थोडं आहे, गेलेलं खूप.

शिवाय एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. झाडाला जे आतून पुसायचं असतं तेच ते बाहेरून पुन्हा लावतं. कोबी-मोहरीच्या कुळात स्वतःचा पराग ओळखून नाकारायची जी यंत्रणा आहे, तिची प्रथिनं टॅपेटमकडून परागकणाच्या लेपात येतात. त्यामुळे कुक्षीवर पडलेल्या परागकणाची ओळख बाहेरून आईबापाच्या झाडाची असते, आणि आत वेगळाच जनुकसंच. कोरी पाटी, पण चौकटीवर घराण्याचं नाव!

पेशीवेडा

या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण सहमत, मूळ मुद्द्याला अजूनही नाही. 🙂 'जपलेलं थोडं' हे लिलीपुरतं. गवतवर्गीयांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बसून मोजल्याशिवाय मी सरसकट विधान मान्य करणार नाही. तुमच्या कॉलेजात कांद्याच्या कळ्या आहेत, माझ्याकडे यंत्र आहे. पाठवता का?

गोदाकाठ

कळ्या माझ्याकडून घ्या ताई. जानेवारीच्या शेवटी डेंगळे येतात, वांझ ओळीचेही देतो आणि नर ओळीचेही. फक्त कुठल्या मापाची कळी हवी ते सांगा, पोरांना तोडायला लावतो.

वडाखालचे आजोबा

गोदाकाठ, गोंड्यावरचं पातळ आवरण नुकतं तडकायला लागलं असेल तो गोंडा घ्या. त्यातल्या बारीक, अजून हिरव्या आणि घट्ट कळ्या, साधारण तीन मिलिमीटरच्या आसपासच्या. पांढरी झालेली कळी नको, तिच्यात परागकण सुटून गेलेले असतात. तोडल्यावर लगेच द्रावणात, पिशवीत भरून नेल्या की काम गेलं. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला आमचं अल्कोहोल चालणार नाही, पटलं खराब होतात. पेशीवेडांना विचारा.

पेशीवेडा

आजोबा बरोबर. ग्लुटराल्डिहाइड लागेल, थंड ठेवून. ताई, व्यक्तिगत निरोप करतो, यादी देतो. परागकोश कळीतून काढून मगच टाकायचा, नाहीतर द्रावण आत शिरत नाही.

काजवा

मला पण बघायचंय! परीक्षा मे महिन्यात आहे, जानेवारीत एक दिवस येऊ शकतो. ॲसिटोकार्मिनच्या स्लाइड मी करेन, फक्त कुणीतरी दाखवा.

रानजाई

ये. सोबत नवी ब्लेड आणि दोन बारीक सुया आण.